इस्पितळ चालविण्याचेही शिक्षण असते

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



अमृतमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान माझ्यासारख्या एका जुन्या कारकुनाला आपण दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. कारकून हा शब्द मी विनयाखातर वापरीत नाही. माझे सारे आयुष्य इस्पितळांत गेले, परंतु नाडी कशी पाहावी हे मला आजही येत नाही. नाडीखेरीज इस्पितळात आणखी जे जे असते ते पाहणे, एवढाच माझा व्यवसाय. 'आहार आणि आरोग्य' असा सर्वांना रुचेल असा विषय घ्यावा, अशी सूचना कार्यवाहांनी केली होती. ती मी मानली नाही, याबद्दल त्यांची क्षमा मागतो. उत्सवनिधीतून आपल्या दांडिया बाजारातील दवाखान्याचे वीस खाटांचे रुग्णालय करावे, असा ठराव विश्वस्तांपुढे आहे. नकाशे तयार आहेत. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या कोणत्या भिंतीवर बसवावयाच्या, इथवर मजल गेली आहे. मात्र ते वीस खाटांचे घर चालविणार कोण, आणि ते चालविण्याचे शिक्षण त्याने कोठे घेतलेले असेल, हा प्रश्न मी आजवरच्या तीन बैठकांत एकदाही ऐकला नाही. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हे असे काही शिक्षण असते, हे मलाही ठाऊक नव्हते. ते कळले कसे, ते आधी सांगतो.

१९९२ साली माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाळंतपणासाठी एका इस्पितळात होती. गाव आणि इस्पितळ यांचे नाव मी घेत नाही. तेथील डॉक्टर मोठे निष्णात होते आणि माणसे वाईट नव्हती. संध्याकाळी मुलगी झाली आणि अक्काला रक्तस्राव सुरू झाला. साडेसातच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी रक्ताची चिठ्ठी लिहिली आणि त्या पुन्हा आत धावल्या. रक्तपेढी त्याच आवारात, समोरच्या इमारतीत. आठ वाजता पाळी बदलली. जुना वॉर्डबॉय घरी गेला, नवा आला तो आधी जेवणाची भांडी उचलावयास लागला. चिठ्ठी टेबलावर, वजनाखाली तशीच राहिली. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. त्या टेबलापासून मी वीस पावलांवर होतो, धडधाकट होतो, धावत जाऊन तीन मिनिटांत परत आलो असतो. परंतु चिठ्ठी आहे हेच आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि विचारावे असे आम्हांला सुचले नाही. साडेनऊला रात्रपाळीच्या सिस्टरच्या नजरेला ती पडली. रक्त येईतो पावणेअकरा झाले. उजाडण्यापूर्वी अक्का गेली.

रक्त वेळेवर आले असते तर ती वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तिची मुलगी आज या सभेत बसलेली आहे. तिला विचारून, तिने 'मामा, सांगा' म्हटल्यावरच ही हकीकत मी येथे उच्चारली आहे.

त्यावेळी घरात जो तो विचारीत होता की चूक कोणाची? डॉक्टरीणबाईंची म्हणावी तर त्यांनी चिठ्ठी लिहिली होती. जुन्या वॉर्डबॉयची म्हणावी तर त्याची पाळी संपली होती. नव्याची म्हणावी तर त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे चार वर्षांनी, वर्गात बसलो असता, एका प्राध्यापकांनी आम्हांला निराळाच प्रश्न विचारावयास शिकविले. आठ ते साडेआठ या वेळात ती चिठ्ठी कोणाच्या हाती असावयास हवी होती, आणि तसे कोठे लिहून ठेवलेले होते काय? उत्तर सोपे होते. कोठेच लिहिलेले नव्हते. तो अर्धा तास त्या इस्पितळात कोणाचाच नव्हता. पुढे ज्या ज्या इस्पितळात मी काम केले, तेथे पहिल्या आठवड्यात मी एक वही घातली: रक्ताची मागणी लिहिणाऱ्याची सही, नेणाऱ्याची सही, दोन्हींपुढे वेळ, आणि पाळी बदलताना अपुरी नोंद राहिली असेल तर ती मोठ्याने वाचून दाखविल्यावाचून कोणी घरी जावयाचे नाही. आता ही वही संगणकात गेली आहे. तरी मोठ्याने वाचण्याचा नियम मी काढू दिला नाही.

१९९६ मध्ये मी मुंबईस दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. तेव्हा मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा बी.कॉम. होतो आणि एका पेढीत जमाखर्च लिहीत होतो. आमचे शेजारी मोठे प्रेमळ गृहस्थ. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारले, "दवाखानुं तो डॉक्टर चलावे, तमे शुं करशो?" आपल्या शिष्यवृत्ती समितीनेही जवळजवळ तेच विचारले, फक्त मराठीत. तरीही समितीने मला दोन वर्षांचे साहाय्य दिले. आज या व्यासपीठावर उभा आहे तो त्या पैशांवर.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो.

साठ खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी रुजू झालो, तेव्हा तेथेही नवी इमारत बांधण्याची घाई चालली होती. कारण, रोगी परत पाठवावे लागत. आम्हांला वर्गात एक साधा हिशेब शिकविलेला होता. रोगी सरासरी सहा दिवस राहत असेल, तर साठ खाटांत दिवसाला दहाच नवे रोगी घेता येतात. तोच मुक्काम सरासरी पाच दिवसांवर आला, तर दिवसाला बारा घेता येतात. सहा दिवसांच्या मुक्कामाने बारा रोगी घ्यावयाचे म्हटले तर बहात्तर खाटा लागतील. म्हणजे एक दिवस वाचविणे हे बारा खाटा बांधण्यासारखे आहे, आणि तेही विटा-सिमेंटावाचून. आता हा एक दिवस कोठून आणावयाचा? रोग्याला अर्धवट बरा करून घरी धाडावयाचे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आम्ही महिनाभर प्रत्येक रोग्याच्या कागदावर नोंद ठेवली की तो आज खाटेवर का आहे. उपचार चालू आहेत म्हणून आहे, की कशाची वाट पाहत आहे? शस्त्रक्रियेचे रोगी दोन-दोन दिवस आधी येऊन पडत, आणि कशासाठी, तर बाहेरून येऊन करता येण्याजोग्या तपासण्यांसाठी. शनिवारी दुपारी डॉक्टरांनी 'घरी जा' म्हटलेला माणूस सोमवारपर्यंत तसाच राही, कारण बिल करणारा कारकून रविवारी सुट्टीवर. त्या कारकुनाची पाळी बदलली, तपासण्या आधी करविल्या, आणि नव्या इमारतीचा ठराव आपोआप मागे पडला. एक विश्वस्त मात्र माझ्यावर वर्षभर रुसून होते. कोनशिलेवर त्यांचे नाव यावयाचे होते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. सर्व खाटा सदैव भरलेल्या असणे हे चांगल्या इस्पितळाचे लक्षण नव्हे. रोगी काही वेळापत्रकाने येत नाहीत. शेवटची खाट भरली की रात्री येणाऱ्याला जमिनीवर गादी मिळते, आणि खाटा जसजशा काठोकाठ भरतात तसतशी वाट पाहण्याची वेळ बेताने न वाढता एकदम फुगते. थोडी जागा रिकामी ठेवणे ही उधळपट्टी वाटते, परंतु ती तशी नाही.

औषधांच्या कोठाराची गोष्ट अशीच. आपल्या भगिनींना हे पटकन उमजेल, कारण त्या घरी हेच करतात. कोठारात दोन चाळण्या लावावयाच्या, एक पैशाची, दुसरी जिवाची. पैशाच्या चाळणीतून असे दिसते की शेकडो जिनसांपैकी थोड्याच जिनसा बहुतेक पैसा खातात. त्यांच्यावर रोज नजर हवी. जिवाच्या चाळणीतून असे दिसते की काही वस्तू अगदी स्वस्त, पण नसल्या तर माणूस दारात मरतो. ॲड्रेनॅलिनची एवढीशी कुपी घ्या. किमतीने ती कोणाच्या नजरेत भरत नाही आणि म्हणूनच संपलेली कळत नाही. या दोन चाळण्यांना शास्त्रात एबीसी आणि व्हीईडी म्हणतात. शिवाय नवी खोकी मागे व मुदत जवळ आलेली पुढे, हा नियम. मी पाहिलेल्या एका कोठारात भांडारपालाने सारी औषधे वर्णानुक्रमाने, टापटिपीने, आरशासारखी लावली होती. फक्त नवी पुढे आणि जुनी मागे. मुदत संपलेली औषधे टाकली तेव्हा तो म्हातारा रडला. तो अप्रामाणिक नव्हता, त्याला कोणी शिकविले नव्हते.

याखेरीज अभ्यासात रोगांच्या प्रसाराचे शास्त्र येते, संख्याशास्त्र येते, खर्चाचा हिशेब, नोकरवर्गाचे कायदे, निर्जंतुकीकरण, आगीपासून बचाव, कचऱ्याची व्यवस्था हे सारे येते. आपण इस्पितळात पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या, निळ्या पेट्या पाहता, त्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असतात. सुई चुकीच्या पेटीत गेली तर ती सफाई करणाऱ्या बाईच्या हातात रुतते. या विषयांना कंटाळवाणे म्हणण्याची प्रथा आहे. २०११ च्या डिसेंबरात कोलकात्यात एका इस्पितळाला आग लागून नव्वदांच्या आसपास माणसे दगावली, आणि २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्यास नवजात अर्भकांच्या कक्षात दहा बाळे गेली. ही बातमी वाचल्यापासून कोणत्याही इस्पितळात गेलो की मी आधी आपत्कालीन दार उघडते की त्याला खाट टेकवून ठेवली आहे, ते पाहतो. बहुतेक वेळा खाट असते.

हे शास्त्र तसे फार जुने नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना आपण हाती दिवा घेतलेली म्हणून ओळखतो. त्यांच्या दुसऱ्या हातात आकड्यांचे तक्ते होते, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. १८५४ साली त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. १८५५ मध्ये तेथील गटारे आणि हवा-उजेड यांची व्यवस्था झाली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. परत आल्यावर त्यांनी १८५९ मध्ये इस्पितळांवर पुस्तक लिहिले, आणि सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात असा आग्रह धरला. पुढे १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात मायकेल डेव्हिस यांनी इस्पितळ-प्रशासनाचा पदव्युत्तर वर्ग काढला. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हा अभ्यास १९६० नंतरच्या दशकात सुरू झाला, तो डॉक्टरांपुरता. १९८४ मध्ये जयपूरला याच विषयाला वाहिलेली स्वतंत्र संस्था निघाली, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोणत्याही शाखेच्या पदवीधरास दार उघडले.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे नाव आपण ऐकले असेल. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी ते अकरा खाटांनिशी काढले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती, त्या बोटांनी ते मोतीबिंदू काढीत. परंतु त्यांचे खरे कर्तृत्व मला व्यवस्थेत दिसते. शस्त्रक्रियागृहात दोन टेबले. एकावरचे काम संपेतो दुसऱ्यावर पुढचा रोगी तयार, डॉक्टरने नुसते वळावयाचे. आधीची-नंतरची सारी कामे त्यासाठीच शिकविलेल्या मुलींनी करावयाची. परदेशी भिंगे महाग पडत, म्हणून १९९२ मध्ये भिंगांचा स्वतःचा कारखाना. पैसे देणाऱ्यांच्या पैशांतून न देऊ शकणाऱ्यांची शस्त्रक्रिया होते आणि संस्था तोट्यात जात नाही. धर्मादाय म्हणजे तोटा, हे आपण गृहीत धरलेले आहे. ते मदुराईस जाऊन एकदा तपासून यावे.

आता आपल्या मुलामुलींविषयी. डॉक्टर झालेल्यांसाठी इस्पितळ-प्रशासनाची तीन वर्षांची एम.डी. आहे, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातही ती होते. इतर पदवीधरांसाठी दोन वर्षांचे अभ्यासक्रम पुष्कळ निघाले आहेत, इतके की त्यांतील काहींविषयी सावधपणे बोलणे प्राप्त आहे. काही ठिकाणी नुसत्या चकचकीत पुस्तिका आहेत. पालकांनी जाऊन विचारावे की विद्यार्थी प्रत्यक्ष वॉर्डांत किती आठवडे असतात, रात्री अपघात विभागात बसतात काय, सरकारी इस्पितळ पाहतात की फक्त पंचतारांकित? गेल्या तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांची नावे मागावीत आणि त्यांतील दोघांना फोन करावा. शुल्क लाखांच्या घरात जाते आणि पहिली नोकरी त्या मानाने बेताची असते, हेही लपवीत नाही. मुलगा डॉक्टर होऊ शकला नाही म्हणून हा दुय्यम मार्ग, अशा भावनेने कोणी पाठवू नये. तो मुलगा मग आयुष्यभर डॉक्टरांवर रुसून असतो.

आणखी एक कटू गोष्ट. या विद्येचा उपयोग वाईटही करता येतो. एका मोठ्या खासगी इस्पितळात मी सात महिने होतो. तेथे दर सोमवारी कोणत्या डॉक्टरने किती रोगी दाखल केले, किती तपासण्या लिहिल्या, याचे आकडे वाचून दाखवीत, आणि ते तक्ते करणे हे माझे काम. आकडे अचूक होते. मी राजीनामा दिला, पण तो सातव्या महिन्यात, पहिल्या नव्हे. पगार चांगला होता. म्हणून माझे मत असे की ज्या मुलाला हे शिकवावयाचे त्याने आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेत किंवा सरकारी इस्पितळात हात घालावा. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आल्यापासून तर, पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत विनामूल्य उपचार मिळत असले तरी, इस्पितळाला प्रत्येक उपचारामागे ठरलेलीच रक्कम मिळते. पूर्वपरवानगीचा एक कागद चुकला की पैसे अडकतात. वीस खाटांचे रुग्णालय अशाने दोन वर्षांत बसू शकते. मी तशी बसलेली पाहिली आहेत.

आपल्या बडोद्याला हे काही नवे सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलाविले, तेव्हा महाराजांनी नुसती पुस्तके आणि कपाटे घेतली नाहीत. १९११ मध्ये येथे ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग निघाला. त्याच महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकावयास पाठविले, परत येऊन संस्थानची सेवा करावी अशा करारावर. बाबासाहेब १९१७ मध्ये करारानुसार येथे आले. परंतु या शहराने त्यांना राहावयास छप्पर दिले नाही. संकल्पभूमीचे ते ठिकाण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. करार एका बाजूने पाळला गेला, दुसऱ्या बाजूने मोडला. हे आज येथे का सांगतो, तर शिष्यवृत्तीबरोबर सेवेची अट घालावी असे मीच सुचविणार आहे, आणि अट घालणाऱ्याचेही काही देणे लागते.

माझी विनंती एवढीच आहे. उत्सवनिधीतील एक भाग इमारतीआधी बाजूला काढावा आणि त्यातून आपल्या कुटुंबांपैकी एका मुलाला किंवा मुलीला दोन वर्षे या अभ्यासास पाठवावे. परत येऊन तीन वर्षे आपल्या रुग्णालयात काम, ही अट. त्या तीन वर्षांत बाजारभावाने पूर्ण वेतन. 'सेवा आहे' असे म्हणून अर्धे नव्हे. औषधखरेदी, नेमणुका व पाळ्या यांत कोणा विश्वस्ताच्या भाच्याची शिफारस चालणार नाही, हेही लेखी. इमारत दोन वर्षे उशिरा झाली तरी चालेल. त्या मुलीला नकाशा आधी दाखवावा. (मी मुलगी म्हणतो, कारण गेल्या वर्षी आलेला एकुलता एक अर्ज एका मुलीचा होता, आणि 'अभ्यासक्रम यादीत नाही' असा शेरा मारून तो परत गेला.) आजच्या नकाशात मागील जिना औषधांच्या कोठारात उतरतो. आग लागली तर रोगी कोणत्या बाजूने बाहेर काढावयाचे, हे मला तरी त्यावरून समजले नाही.

शिष्यवृत्ती समितीची बैठक पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. तोवर दर बुधवारी संध्याकाळी पाच ते सात मी दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशेजारच्या खोलीत बसेन. ज्यांच्या घरी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मूल असेल त्यांनी त्याला घेऊन यावे. गुणपत्रिका आणली नाही तरी चालेल. आणि गेल्या वर्षीचा तो अर्ज ज्या कुटुंबाचा होता, त्यांनी कृपा करून पहिल्याच बुधवारी यावे.